ओकायामाचे कोराकुएन: एकच फेरी होणार असेल, तर कोणत्या ऋतूत जावे?

पर्वतीपायथा:

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात मी गेली बारा-तेरा वर्षे सकाळी फिरायला जातो. हे उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन या तीनशे वर्षांपूर्वीच्या बागेवरून बेतलेले आहे, हे पाहुण्यांना सांगून सांगून पाठ झाले आहे. मात्र मूळ बाग पाहण्याचा योग येईल, असे कधी वाटले नव्हते. आता मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला आहे आणि पुढील वर्षी आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. केव्हा यायचे ते त्याने आमच्यावर सोपवले आहे.

ज्याला विचारावे तो साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, नाव घेतो. त्या दिवसांतील विमानभाडे पाहिल्यावर माझा उत्साह निम्मा झाला. म्हणून विचारतो: साकुरा सोडल्यास या बागेत इतर ऋतूंमध्ये पाहण्यासारखे काय असते? पत्नीचे गुडघे दुखतात. बागेत चढउतार किती आहे? आणि पुण्यातील बाग रोज पाहणाऱ्याला तिथे वेगळे काय दिसेल? हा शेवटचा प्रश्न पत्नीचा आहे आणि तिने तो अगदी गंभीरपणे विचारला आहे.

आसाहीकाठ:

शिक्षणासाठी मी तीन वर्षे ओकायामात होतो आणि वसतिगृहापासून कोराकुएन सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होते, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

वहिनींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पुण्यातील बाग सुमारे 10 एकरांची आहे, तर कोराकुएन 13 हेक्टरांहून थोडे अधिक, म्हणजे 33 एकरांच्या आसपास. तथापि फरक केवळ आकाराचा नाही. कोराकुएनमध्ये भाताचे वाफे आहेत, चहाचा मळा आहे, बोरासारखी लहान फळे धरणाऱ्या उमे झाडांची राई आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने आपला कारभारी त्सुदा नागातादा याच्याकडून 1687 मध्ये बागेचे काम सुरू करून घेतले आणि 1700 मध्ये ते पुरे झाले. आज हिरवळ हीच या बागेची ओळख झाली असली, तरी सुरुवातीच्या काळात आत शेतीच बरीच होती. पुढे खर्च आवरण्यासाठी तिचा मोठा भाग हिरवळीखाली आणला गेला. त्यामुळे इथले ऋतू फुलांपेक्षा कामांवरून ओळखावेत, असे माझे मत आहे.

ही कामे फेब्रुवारीच्या सुरुवातीला हिरवळ जाळण्यापासून सुरू होतात. हिवाळ्यात गवत वाळून पेंढ्याच्या रंगाचे होते. एका सकाळी माणसे ओळीने उभी राहून त्याला आग लावतात. कोकणात राब भाजतात ना, त्याच जातीचे हे काम: कीड मरते, तण जळते, राख मुरते आणि वसंतात कोवळे गवत जोमाने वर येते. आग कमरेच्याही खालीच राहते, पण ती वाऱ्यासरशी सरकत जाते आणि मागे काळीभोर जमीन उरते. नदीपलीकडचा ओकायामाचा किल्लाही काळा, त्यामुळे त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. त्या एका आठवड्यात बाग आणि किल्ला एकाच रंगाचे दिसतात. शरद ऋतूत पाइनच्या बुंध्यांना पेंढ्याच्या चटया गुंडाळलेल्या असतात, म्हणजे थंडीत किडे उबेसाठी त्यांत शिरतात. त्या चटयाही याच सुमारास काढून जाळतात. तीन वर्षांत मी हे दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा माझ्या जाकिटाचा धुराचा वास धुण्याने गेला नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी चहाची पाने खुडण्याचा सोहळा असतो आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी भातलावणी. ज्या वाफ्यांत लावणी होते, त्यांची आखणी प्राचीन चीनमधील शेतवाटपाच्या पद्धतीवरून केलेली आहे: एका चौरसाचे नऊ समान तुकडे, विहिरीच्या चिनी चित्राक्षराच्या आकाराचे. स्त्रिया पारंपरिक पोशाखात, माथ्यावर टोपी घालून, चिखलात उतरून आवण लावतात. हाताची ती हालचाल पाहताना मला आजोळची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्याच दिवसांत बागेत जांभळे आयरिसही फुललेले असतात.

माझे मत विचाराल, तर जूनचा पहिला पंधरवडा निवडा. पाऊस लागण्याची शक्यता आहे, परंतु र्‍युतेन नावाची विश्रांतीची जागा पावसातच पाहावी. खाली भिंती नसलेली ही दुमजली लाकडी वास्तू आहे आणि बागेत 640 मीटर वळणे घेत जाणारा ओढा तिच्या मधोमध वाहतो. पाण्यात निरनिराळ्या रंगांचे सहा दगड मांडलेले आहेत. फळ्यांवर बसून पाय खाली सोडले की पाणी तळव्यांपासून वीतभर अंतरावरून जाते; छपरावर पाऊस आणि खाली ओढा, असे दोन आवाज एकाच वेळी ऐकू येतात. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात बागेतील बऱ्याच इमारती जळाल्या, मुख्य वाडा एन्योतेई पुढे 1960 मध्ये पुन्हा बांधला गेला. र्‍युतेन मात्र त्या आगीतून बचावले, त्यामुळे ज्या फळ्यांवर आपण टेकतो, त्या मूळ वास्तूच्या आहेत.

गुडघ्यांची काळजी नको. वाटा सपाट आणि बारीक खडीच्या आहेत. युइशिनझान ही टेकडी जेमतेम सहा मीटर उंचीची आहे. तिच्यावरून तळे आणि हिरवळ एकत्र दिसतात, पण पायऱ्या असल्याने वहिनी खाली थांबल्या तरी बिघडत नाही. स्थानकापासून ट्रामने शिरोशिता थांब्यावर उतरावे; तिथून दहा-बारा मिनिटांची चाल आहे.

रानजाई:

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण पावसाची बाजू फारच हलकी करून सांगितली आहे. साठीच्या पुढच्या माणसांना मी नोव्हेंबरचा उत्तरार्ध सुचवेन. हवा कोरडी असते, आणि चिशिओ-नो-मोरी या भागात शंभरेक मेपल एकाच वेळी लाल होतात. कापड रंगात पुन्हा पुन्हा बुडवून गडद करावे, असा त्या नावाचा आशय आहे आणि तो नेमका आहे: दर चार दिवसांनी गेलात, तर रंगाचा एकेक हात चढलेला दिसतो. मागे मिसाओ डोंगर असतो. तो बागेच्या हद्दीत नाही, पण बाग आखणाऱ्यांनी तो देखाव्यात धरलेला आहे. पुण्याच्या बागेत पर्वती दिसते, तसेच हे, असे माझ्या वडिलांनी तिथे उभे राहून सांगितले होते.

साकुराबद्दल एक खुलासा. आत झाडे आहेत, परंतु फुलांचा खरा पसारा बागेबाहेर आसाही नदीच्या काठावर असतो आणि त्यासाठी तिकीटही काढावे लागत नाही.

अबोली:

कोणीही उन्हाळ्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून माझा फजितीचा अनुभव लिहिते. तो वाचून निदान दुसरे कोणी फसू नये.

आमच्या सहल कंपनीने जुलैमध्ये कोराकुएनची वेळ दुपारी दोनची ठेवली होती. मी पांढऱ्या कमळांसाठी आसुसले होते. इथल्या कमळाची पाने आणि फुले अशी मोठी, की ओंजळीत मावू नयेत. पोहोचलो तेव्हा तळ्यात सर्वत्र मिटलेल्या कळ्या. कमळ पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, हे लहानपणापासून ठाऊक असूनही कार्यक्रमपत्रिका वाचताना माझ्या लक्षात आले नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी याच कारणासाठी बाग पहाटे चार वाजता उघडतात. आम्ही मात्र भर दुपारी, सावली नसलेल्या हिरवळीच्या कडेने, छत्र्या धरून चाललो होतो. कोराकुएन मोकळे आहे हा त्याचा गुण जुलै-ऑगस्टमध्ये दोष ठरतो.

एक गोष्ट मात्र दुपारीही पाहायला मिळाली: पिंजऱ्यातील लाल टोपीचे सारस. सरदारांच्या काळापासून इथे सारस पाळत असत. युद्धानंतर ते उरले नाहीत, तेव्हा तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी लेखक ग्वो मोरुओ यांनी 1956 मध्ये एक जोडी भेट पाठवली. नववर्षदिनी सारसांना बागेत मोकळे सोडतात, असे तिथल्या सेवकाने सांगितले. जानेवारीत जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

पर्वतीपायथा:

सर्वांचे आभार. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. भातलावणीचा परिच्छेद आला तेव्हा पत्नी म्हणाली, “लावणी बघायला जपानला कशाला जायचं? आषाढात भोरला चला, फुकट दिसेल.” र्‍युतेनचा परिच्छेद मात्र तिने पुन्हा वाचायला लावला. पाय खाली सोडून बसता येते, हे तिला त्या सर्व वर्णनात सर्वाधिक महत्त्वाचे वाटले.

रानजाई, नोव्हेंबरचा सल्ला रास्त आहे. परंतु दिवाळीनंतर घरात एक लग्न आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे नक्की केले आहे. चहा हुकेल, लावणीचा रविवार सापडेल. मुलाला कळवले, तेव्हा त्याने पावसाचे दिवस आहेत असे तीनदा बजावले. त्याला उत्तर म्हणून पत्नीने दोन घडीच्या छत्र्या आजच आणून ठेवल्या आहेत.