मदत हवी आहे: कोळशाचा केटल ग्रिल जोडला, पण एका बाजूला कलतोय

नमस्कार मंडळी,

मुक्काम न्यू जर्सी. शनिवारी बारा माणसं जेवायला बोलावून बसलोय. आज गुरुवार, रात्रीचे साडेदहा, आणि डेकवर जे उभं आहे ते बघून आईने विचारलं, "याला कुणी पाजलीये का रे?"

२२ इंची गोल ग्रिल आहे, झाकणवाला, कोळशावरचा. साधाच, सेलमध्ये घेतलेला. सोबतच्या कागदावर नुसती चित्रं आणि बाण, अक्षर एक नाही. तीन पाय आहेत. दोघांच्या खालच्या टोकाला ॲक्सलसाठी भोक, तिसऱ्याला प्लास्टिकची टोपी. पाय भांड्याच्या बुडाला असलेल्या नळ्यांत घुसवायचे, दोन पायांतून ॲक्सल ओवायचा, चाकं घालायची, झालं. तासाभराचं काम म्हणे. मला साडेतीन तास लागले. आता अडचणी:

एक, ग्रिल चाकांच्या विरुद्ध बाजूला, त्यातही उजवीकडे कलतोय. वर कणीस ठेवलं तर घरंगळत जातं (ठेवून बघितलं).

दोन, एक चाक पायाला घासतं. ॲक्सलच्या टोकाची टोपी हातोडीने ठोकून बसवली, ती आता निघत नाही.

तीन, दोन वायसर उरलेत.

चार, बुडाशी राखेसाठी तीन पाती आहेत, ती दांड्याने एकत्र फिरायला हवीत. दांडा जागचा हलत नाही.

पाय वाकडा आलाय असं मला वाटतं. परत करायचा तर सगळं सोडवून खोक्यात भरावं लागेल आणि खोकं मी फाडलंय. फोटो टाकलेत. काही सुचत असेल तर सांगा.

हौशी खवय्या:
परत करा आणि गॅसचा घ्या. बटण दाबलं की पेटतो.

पिंपरीचा फिटर:
गॅसचं नंतर बघू. भाऊ, आधी एक सांगा, ग्रिल डुगडुगतोय की कलतोय? फरक आहे. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिवई कधीच डुगडुगत नाही. तीन टेकू कुठेही ठेवा, तिन्ही जमिनीला लागणारच. फार तर ती कलेल. म्हणजे तुमचा एक पाय बाकीच्यांइतका आत गेलेला नाही. पाय वाकडा असता तर फोटोत पायाची रेघ तुटलेली दिसली असती. ती सरळ आहे.

टेप घ्या. नळीच्या तोंडापासून ॲक्सलच्या भोकापर्यंत दोन्ही चाकाचे पाय मोजा. अर्ध्या इंचाचा फरक निघाला नाही तर माझं नाव बदला.

मग ग्रिल उचलून, खोक्याचा पुठ्ठा किंवा जुनी गोधडी अंथरून त्यावर भांडं पालथं घाला. नुसत्या फरशीवर घालू नका, काठाच्या मुलाम्याचा टवका उडाला की तिथून गंज धरतो. पाय उपसा आणि नळीत टॉर्च मारून बघा. रंगाचा ओघळ, कचरा, काहीतरी असणार. साफ करा, पायाला भांडी घासायच्या साबणाचं बोट लावा आणि पिळत पिळत, अंगाचं वजन टाकून दाबा. हातोडी नको.

उरलेले वायसर चाक आणि पाय यांच्यामध्ये जातात. म्हणूनच चाक घासतंय. ठोकून बसवलेली टोपी एकमार्गी असते, आतले दात ॲक्सलला चावतात. ती स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढली की बाद. नवीन घ्यायला जाताना ॲक्सल सोबत न्या, अंदाजाने आणू नका. शनिवारपर्यंत वेळ नसेल तर राहू द्या. चाक घासल्याने भाजी कच्ची राहत नाही.

मूळ धागाकर्ता:
काका, तुमचं नाव बदलायची गरज नाही. अर्ध्या इंचाला सुताएवढं कमी. सकाळी उघडून बघतो. पात्यांचं काय करू?

शिकागोवाली:
पात्यांचा नट जास्त आवळला असेल. तो अर्धा फेरा सैल करा. पाती भांड्याच्या बुडाला चिकटून राहिली पाहिजेत, पण हाताने फिरली पाहिजेत. शेगडीला खाली दार असतं ना, तेच काम आहे हे. खालून हवा, वरून झाकणाच्या भोकातून धूर. वरचं भोक उघडं ठेवून आच खालच्या पात्यांनी कमीजास्त करायची. दोन्ही बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो.

या गोल भांड्याची गंमत झाकणात आहे. १९५२ मध्ये आमच्या शिकागोत जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने ते पहिल्यांदा बनवलं. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयांचे अर्धगोल जोडायचा. त्यातलाच एक घेऊन त्याला पाय लावले, दुसऱ्याचं झाकण केलं. तेव्हा सारखं झाकण उघडून बघू नका, दर वेळी आतली उष्णता जाते.

आता खरी काळजीची गोष्ट. फोटोत ग्रिल लाकडी डेकवर आहे आणि घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. भिंतीवरची ती व्हिनाइलची सायडिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, पेटायच्या आधीच वितळून लोंबायला लागते. टाउनहाउस (ओळीतलं जोडघर) असेल तर घरमालकांच्या असोसिएशनचे नियम आजच वाचा. बऱ्याच ठिकाणी अशा घरांना लाकडी बाल्कनीत किंवा जळू शकणाऱ्या बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळसा पेटवायला मनाई असते. आणि पाऊस आला तर गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी. कोळशाच्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

उद्या एकदा रिकामाच पेटवा. झाकण लावून पाऊण तास जळू द्या, कारखान्याचं तेल निघून जाईल. पेटवायला ते रॉकेलसारखं द्रव नको, पदार्थाला वास लागतो. पत्र्याची चिमणी मिळते. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत कोळशांवर राखाडी साय धरते, मग ओता. सगळे निखारे एका बाजूला लोटा. जे करपायला लागेल ते दुसऱ्या बाजूला सरकवता येतं.

मूळ धागाकर्ता:
शुक्रवार संध्याकाळ. डावा पाय उपसला, टॉर्च मारला. नळीच्या तळाशी पॅकिंगच्या थर्माकोलचा तुकडा, चांगला दाबून पापड झालेला. मीच पाय दाबून दाबून त्याचा तो पापड केला होता. चिमट्याने काढला, साबण लावला, पाय सर्रकन आत. कणीस आता जागेवर राहतं. नट सैल केल्यावर पातीही फिरली. चाक घासतंय, घासू दे.

ग्रिल डेकवरून उतरवून मागच्या पार्किंगच्या टोकाला नेला. पावलं मोजली, दहा फुटांच्या वर भरतात. असोसिएशनला मेल टाकलाय.

रिकामा जाळ झाल्यावर निखारे चांगले होते म्हणून आईने फ्रिजमधलं वांगं आणून थेट जाळीवर ठेवलं. वर झाकणही लावू देईना, म्हणे वांगं डोळ्यांसमोर भाजायचं असतं. ताई, यावर काही उपाय आहे का?

शिकागोवाली:
नाही. जळगावचं हिरवं वांगं तिकडे मिळतं का तेवढं कळवा.

मूळ धागाकर्ता:
नाही हो. इंडियन ग्रोसरीतलं जांभळंच.