शब्दचर्चा : ओलं कोण, उंदीर की पीप?

‘मर्ढेकरांची कविता’ हा त्यांच्या कवितांचा संग्रह ओळीने वाचतोय. ‘शिशिरागम’ (१९३९) झालं, ‘काही कविता’त (१९४७) शिरलो आणि ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’पाशी अडकलो. इतकी वर्षं मी ‘ओले उंदीर’ असंच धरून चाललो होतो. मग ‘ओल्या’ का? छपाईची चूक?

प्रतिसाद :
चूक नाही. उंदीर असते तर ‘ओले’च झालं असतं. ‘ओल्या’ हे सामान्यरूप, त्याला प्रत्यय लागलेलं नाम हवं : ओल्या पिपाला, ओल्या पिपात. म्हणजे ओलं आहे ते पीप.

वृत्तासाठी शब्द मागेपुढे केले असतील, असं वाटेल. मोजून बघा. पिपांत, मेले, ओल्या, उंदिर : चारही शब्द चार-चार मात्रांचे. ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’ केलं तरी सोळाच भरतात. वृत्ताने हट्ट धरला तो फक्त ‘उंदीर’चा ‘उंदिर’ करण्यापुरता. तेव्हा विशेषण उंदराला खेटून बसवलंय ते जाणूनबुजून, असं माझं मत. व्याकरण पिपाकडे बोट दाखवतं, पण ऐकताना उंदीर भिजून जातो. तुम्ही इतकी वर्षं चुकत होतात असं म्हणवत नाही.

दुसरा प्रतिसाद :
पीप म्हणजे आपलं पिंपच. पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला शब्द.

प्रश्नकर्ता :
पटलं. आता त्याच कवितेतलं ‘बेकलायटी’?

प्रतिसाद :
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडू नका, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आणि बेकलाइट १९०७चं. विजेची काळी-तपकिरी बटणं ज्याची असायची ते जुनं प्लास्टिक. रेशीम-रेशमी, लाकूड-लाकडी, तसं बेकलाइट-बेकलायटी. परका शब्द उचलला आणि आपला ‘ई’ लावून टाकला, त्यामुळे तो कवितेतल्या ओठांवरच्या मधाळ पोळ्याशेजारी बिनदिक्कत बसतो.

दुसरा प्रतिसाद :
मला जास्त छळतो तो ‘पिपांत’वरचा अनुस्वार. १९६२च्या लेखननियमांआधी एका घराबद्दलही ‘घरांत’ असंच लिहीत. आज ‘घरात’ म्हणजे एक, ‘घरांत’ म्हणजे अनेक. कविता जुन्या लेखनातली, म्हणून पीप एक की अनेक, ते अक्षरांवरून कळत नाही. ‘ओल्या’ दोन्हीकडे सारखंच, आणि ‘पां’ तसाही दीर्घ, त्यामुळे मात्राही काही सांगत नाहीत.

पुढे ‘गरिब बिचारे बिळांत जगले, पिपांत मेले उचकी देउन’ आहे. तिथेही तोच घोळ. मी वाचतो तेव्हा बिळं पुष्कळ असतात, ज्याचं त्याला; पीप मात्र सगळ्यांत मिळून एकच.

प्रश्नकर्ता :
मला तर ओळीने मांडून ठेवलेली पिंपंच दिसत होती. पुन्हा वाचतो.