'सिरियाना' पाहिला आणि बाबांचं कुवेत आठवलं. तुमच्याही घरात तेल शिरलंय का?

फणसाचा_गरा
काल रात्री 'सिरियाना' परत पाहिला. २००५चा, क्लूनीला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तो. सीआयए, जिनिव्हातला विश्लेषक, वॉशिंग्टनचा वकील, दोन तेल कंपन्यांचं विलीनीकरण... पहिल्यांदा पाहिला तेव्हा निम्मा डोक्यावरून गेला होता. मला धरून ठेवतो तो वसीम, आखातात राबणारा पाकिस्तानी मजूर. तिथला राजपुत्र कंत्राट चिनी कंपनीला देतो आणि तिकडे पाकिस्तानी मजुरांची नोकरी एका सूचनेत संपते. पुढे रांगेत उभं असताना फक्त बोलल्याबद्दल मार.

बाबा कुवेतला फोरमन होते. २ ऑगस्ट १९९०ला सद्दामचं सैन्य शिरलं. बसने बगदाद, मग जॉर्डनमधलं अम्मान, वाळवंटात छावणी, आणि एअर इंडियाचं विमान. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आणली म्हणतात. आम्हाला त्यातला एकच हवा होता. बाबांच्या पायजम्याच्या नाडीच्या पट्टीत शिवलेल्या कुवेती दिनारच्या नोटा होत्या. अम्मानला कोणी हात लावेना त्यांना. आईने उसवून उन्हात वाळवल्या, घामाने चिकटल्या होत्या.

तुमचे अनुभव लिहा. आखात, रिग, रॉकेलची रांग, काहीही.

चिवडा_कमी_तिखट
मला वाटलं गोड्या तेलाचा धागा आहे. शेंगदाण्याचा डबा केवढ्याला झालाय बघितलंत का

उरणची_सून
आमच्याकडे मिस्टर बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. २७ जुलै २००५ला आग लागली ना, आदल्या दिवशीचा पाऊस सगळ्यांना आठवतो, ही कोणाला आठवत नाही. एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली होती, त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर आणायचं होतं. पावसाने हेलिकॉप्टरं बंद म्हणून जहाजच जवळ नेलं, ते गॅसच्या रायझरला, म्हणजे समुद्रातून वर येणाऱ्या पाइपला धडकलं. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. हे तेव्हा दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होते. आमच्या घरात गुडघाभर पाणी, फोन बंद, आणि शेजारीण येऊन सांगते, टीव्हीवर दाखवतायत म्हणे. आमचा टीव्ही पाण्यात!
सिनेमात कट असतात. इथे आचाऱ्याची बोटं.

फणसाचा_गरा
@उरणची_सून बापरे. मग कधी कळलं?

उरणची_सून
दुसऱ्या दिवशी दुपारी. दिरांनी ऑफिसात जाऊन यादी बघितली. थांबा, पोरगा शाळेतून आला, त्याला वाढते.

बखरवाचक
सिनेमा सीआयएच्या माजी हेराच्या, रॉबर्ट बेअरच्या आठवणींवर बेतलाय, पण बराच सैल. मूळ कथा १९५३चीच समजा. इराणचा पंतप्रधान मोसादेघने देशाचं तेल ब्रिटिश कंपनीकडून काढून सरकारी मालकीचं केलं, दोन वर्षांत ब्रिटिश-अमेरिकी हेरांनी त्याचं सरकार पाडलं. आपला हात होता हे सीआयएने कागदोपत्री मान्य केलं २०१३मध्ये, साठ वर्षांनी! त्यापुढे पटकथा फार मवाळ वाटते.
आपल्याकडे १९७३. अरब देशांनी पुरवठा आवळला, तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात. वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. आजी मात्र बैलगाडीपेक्षा रॉकेलच्या रांगेचंच सांगायची. डबे रांगेत ठेवून बायका घरी जायच्या, आणि कोणीतरी डब्यांची जागा बदलायचं. त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

चिवडा_कमी_तिखट
@बखरवाचक डबा पुढे सरकवणारी आजीच असणार 😂

बखरवाचक
हे मी लिहिलेलं नाही!

जुवेकाठ
राजापूर तालुका. आम्हाला सिनेमा नको. रिफायनरीसाठी आधी नाणार झालं, मग बारसू झालं. सर्व्हेवाले आले तेव्हा बायका सड्यावर, उघड्या कातळावर, उन्हात आडव्या पडलेल्या, त्यात माझी काकू. सत्तरीची आहे ती. एवढंच लिहितो.

डोंबिवली_फास्ट_नाही
मग गाडीत पेट्रोल कुठून येणार ते पण लिहा ना.

जुवेकाठ
तुमच्या डोंबिवलीत टाका की रिफायनरी.

फणसाचा_गरा
अहो, तो वाद इथे नको. वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला.

शारजाकर
ड्युटीवर आहे, थोडक्यात. वसीमच्या रांगेसारखी रांग मी पाहिलीय. कंपनी बुडाली, पासपोर्ट मुदीरच्या (मॅनेजरच्या) कपाटात, मुदीर पसार. आम्ही कॅम्पवर दहा जण, पातेलं एक. रोज डाळ. मल्याळी पोरं म्हणायची खल्ली वल्ली, म्हणजे जाऊ दे, आणि झोपायची. मला काही झोप येत नसे. सिनेमात वसीम मदरशात जातो ते आधी जेवणासाठी, हे दिग्दर्शकाला बरोब्बर कळलंय.

ठोकताळा
२० एप्रिल २०२०. अमेरिकेत तेलाचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) उणे ३७ डॉलरवर. लॉकडाऊनमुळे आपला वायदे बाजार पाचलाच बंद, रात्री तिकडे भाव कोसळले, सकाळी मेहुण्याचा हिशोब पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी. म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. पण मेहुण्याने सौदा आधीच घेऊन ठेवला होता, त्यामुळे फरकाचे पैसे त्यालाच भरावे लागले. सासूबाई अजून विचारतात, मग ते तेल कुठे ठेवलंय?

उरणची_सून
सासूबाई 😂😂
@फणसाचा_गरा बाबांना भरपाई मिळाली का हो? आमच्या ओळखीच्यांना मिळाली होती.

फणसाचा_गरा
हो. युनोच्या आयोगाने दिली, चार हजार डॉलर, पण बऱ्याच वर्षांनी. आणि पैसा कुठला, तर इराकच्याच तेलविक्रीतून कापलेला. ती वजावट २०२२पर्यंत चालली, एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर. बाबा म्हणायचे, तेलाने नेलं ते तेलानेच दिलं, पण इराकी पोरांच्या ताटातून काढून. घ्यावेत की नाही यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. घेतले. त्यातून घरावर स्लॅब पडला.

डोंबिवली_फास्ट_नाही
स्लॅब गळत नाही ना? आमचा त्याच सुमाराचा आहे, दर पावसाळ्यात डांबर मारावं लागतं.

फणसाचा_गरा
गळतो. आम्ही पत्र्याची शेड टाकली वरून. मिस्त्रीचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.