मदत हवी आहे : सिनेमातल्या चिनी जाहिराती मोजायच्या कशा?

नमस्कार मंडळी. सांगलीत कॉलेजच्या मुलांसाठी हॉलिवूडपटांतल्या चिनी जाहिरातींवर, म्हणजे दृश्यातच दाखवलेल्या चिनी कंपन्यांच्या वस्तू नि फलकांवर, सत्र ठेवलंय. नोंदींचा तक्ता अडलाय.

पैशाचं गणित आधी. अमेरिकेशी झालेल्या २०१२च्या करारानंतर चीनने उत्पन्नात वाटा देऊन घ्यायच्या विदेशी सिनेमांची मर्यादा २० वरून ३४ केली, स्टुडिओचा वाटा तिकीटविक्रीच्या २५ टक्क्यांवर नेला. उरलेलं तिथेच राहतं, म्हणून तिथल्या कंपनीकडून आगाऊ मिळणारा पैसा निर्मात्याला गोड वाटतो.

तक्त्यात प्रत्येक दृश्याची वेळ, किती सेकंद, आणि वस्तू नुसती मागे दिसते, हातात आहे की संवादात नाव येतं, एवढं लिहितो. दोघांनी वेगवेगळं बघायचं, मग ताळा. एकट्याच्या नजरेतून मागचे फलक हमखास सुटतात.

घोळ आवृत्त्यांचा होतो. 'आयर्न मॅन ३'च्या चिनी आवृत्तीत चिनी अभिनेत्री फान बिंगबिंगची जादा दृश्यं होती, आपल्याकडे ती नव्हतीच. म्हणजे इथली प्रत मोजून आकडा कमी येणार.

शिवाय 'रेड डॉन' (२०१२) कुठे घालायचा? चित्रीकरणानंतर त्यातले अमेरिकेवर चालून येणारे चिनी आक्रमक उत्तर कोरियाचे केले गेले. ही जाहिरात नव्हे, पण आमच्या मते दृश्यात दिसणाऱ्या एखाद्या चिनी दुधाच्या खोक्यापेक्षा हीच चिनी बाजारपेठेची खरी ताकद. वेगळा रकाना करावा का?

सांगली-साताऱ्यात कुणाला चिनी लिपी वाचता येते का? फलकांचे स्क्रीनशॉट पाठवतो. सेकंद मोजायला सोपं सॉफ्टवेअर माहीत असेल तर तेही सांगा.