फ्रेंचचा श्रीगणेशा: तुमचे पहिले काही महिने कसे गेले?

पुण्यात परकीय भाषा म्हटली की आधी जर्मन. फ्रेंचवालेही कमी नाहीत म्हणा. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, आल्याँस फ्राँसेज आहे, शिवाय अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेणारी पोरं तर गल्लोगल्ली. पण पाटी कोरी असताना नेमकं काय अडतं आणि काय पटकन सुटतं, हे कुणी नीट सांगत नाही. ते इथे लिहा. अ‍ॅपच्या याद्या नकोत.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे भांडायला बरं. आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो आणि उगाच अवघड करून घेतो. निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं नवल इंग्रजीला. आपण खुर्चीला ‘ती’च म्हणतो, फ्रेंचही म्हणतात. आईला ‘त्यू’ आणि साहेबांना ‘व्हू’ हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा फरकही तिथे आहे. ‘ज स्वीझाले’ लिहिताना बाई शेवटी एक ‘ई’ जास्त लावते. उच्चार मात्र तसाच राहतो, ही त्यांची खोड.

आता तुम्ही बोला.

कोथरूड, निवृत्त, वय सत्तरीपुढे

मुलगी-जावई तुलूझला, विमानांच्या कारखान्यात. नात घरात मराठी बोलते, पण चिडली की फ्रेंच. ती चिडून काय म्हणते ते कळावं म्हणून मी शिकायला लागले.

माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे नाकातले स्वर मला घरचेच. वर्गातल्या बाकीच्यांना ‘बों’, ‘बाँ’, ‘बँ’ यांतला फरक ऐकूच येत नव्हता. पहिला म्हणजे चांगला, दुसरा बाक, तिसरा अंघोळ. घाटावरची मंडळी शेवटी ‘न’चा ठसका देतात. तो द्यायचा नाही, आवाज नाकात सोडून थांबायचं. दुसरा अडसर तो विचित्र ‘यू’. त्याला ओठ ‘ऊ’चे ठेवायचे आणि जीभ ‘ई’ म्हणणार. रस्ता आणि चाक या दोन शब्दांत फरक तेवढाच. मी भांडी आवरताना म्हणत बसायचे, ह्यांना वाटायचं दात दुखतोय.

आकड्यांना सगळे घाबरतात. नव्वदला फ्रेंच म्हणतात ‘कात्र-व्हँ-दीस’, म्हणजे चार वीस आणि दहा. आमची आजी नारळ असेच मोजायची, चार विसा नि वर दहा! मला शिकावंच लागलं नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी बेल्जियमला किंवा स्वित्झर्लंडला जावं, तिथे नव्वदला सरळ ‘नोनाँत’ म्हणतात.

हिंजवडी, आयटी

आजी, नमस्कार तुम्हाला. धागाकर्तीचं मत मात्र मला अर्धंच पटतं. वाचताना इंग्रजीचाच आधार होतो. ‘नेशन’, ‘क्वेश्चन’, ‘सिच्युएशन’ हे शब्द स्पेलिंगसकट तिथे बसलेत. ‘-शन’वाले बहुतेक सगळे स्त्रीलिंगी, हा नियम एकदा कळला की पुष्कळ शब्दांचं लिंग फुकटात मिळतं. बोलताना मात्र हेच इंग्रजी आडवं येतं, कारण तिथे शेवट बहुतेकदा ‘स्यों’ होतो, ‘क्वेश्चन’चा तर ‘त्यों’.

मी कॅनडासाठी शिकतोय, आणि तेवढ्यासाठी येणाऱ्यांना एक सांगतो. डेल्फ म्हणजे फ्रेंच सरकारची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या केंद्र सरकारच्या इमिग्रेशन योजनेला ते उपयोगी नाही. तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा लागते, आणि तो निकाल दोन वर्षांपुरताच. एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ २०२३ पासून निघतात. त्यासाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत कॅनडाच्या मोजपट्टीवर सातवी पातळी हवी, म्हणजे युरोपच्या ए-१ ते सी-२ या पायऱ्यांत साधारण बी-२. एका क्लासवाल्याने मला ‘तीन महिन्यांत होऊन जाईल सर’ सांगून फी घेतली होती. होत नाही.

टिळक रोड, अकरावी

पेपरात भरपूर मिळतात, बोलता शून्य येतं. क्रियापदाची रूपं पाठ आहेत, पण मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात हे तिन्ही ऐकायला ‘पार्ल’च, लिहायला वेगळं. मग ताईने सांगितलं, आधी ऐक, मग वही उघड. सध्या तसंच चाललंय.

सदाशिव पेठ, नवशिक्यांना शिकवते

ताईचं बरोबर आहे. मी सुरुवातीचे काही तास स्पेलिंग दाखवतच नाही. शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजनं मुकी असतात आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की त्यांतलीच काही जिवंत होतात. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ झालं की मुलं विचारतात, झ कुठून आला? संधी शिकलेल्यांनी हे विचारू नये.

लिंगाबद्दल मात्र सावध. आपल्याला लिंगाची सवय आहे, त्यांची वाटणी ठाऊक नाही. आपलं पुस्तक नपुंसक, त्यांचं पुल्लिंगी, कारण तिसरं लिंगच नाही. सूर्य दोघांकडे पुरुष. चंद्र तिथे बाई. म्हणून शब्द एकटा लिहायचाच नाही, ‘ल लिव्र’, ‘ला ल्यून’ असा जोडीनेच लिहायचा. मराठीवरून अंदाज बांधणारे माझ्याकडे दर बॅचला येतात, आणि ठामपणे चुकतात.

कँप, बेकरीत काम

मला व्याकरण येत नाही. ‘मीज आँ प्लास’ (आधीची मांडामांड), ‘पात’ (मळलेलं पीठ), ‘क्रेम’ (क्रीम) एवढ्यावर चाललंय. पण एका फ्रेंच गिऱ्हाइकाने आत येताच ‘बोंझूर’ म्हटलं आणि मी नुसतं ‘काय देऊ’ विचारलं, तर ते थांबूनच राहिले. त्यांच्याकडे आधी नमस्कार, मग खरेदी.

औंध, डेल्फ ए-१ दिलेली

परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांसाठी. चार भाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० मिळाले की पास, पण कुठल्याही भागात ५ च्या खाली गेलात तर नापास. ऐकणं आणि बोलणं मिळून निम्मे गुण, तेव्हा नुसत्या लेखनावर निभत नाही.

तोंडीत स्वतःची ओळख सगळे घोकून जातात. अडतात ते पुढच्या भागात, कारण तिथे चिठ्ठीवर एकेक शब्द असतो आणि त्यावरून प्रश्न आपण परीक्षकांना विचारायचा असतो. माझ्या चिठ्ठीवर ‘रविवार’ होता. मी विचारलं, तुम्ही रविवारी काय करता? त्या म्हणाल्या, झोपते. त्याच्या पुढचा प्रश्न मी तयार केलेला नव्हता, पण तोवर दुसरी चिठ्ठी उचलायला सांगितलं. घरी कुणाला तरी समोर बसवून प्रश्नच विचारायचा सराव करा. ‘की’, ‘काँ’, ‘ऊ’, ‘कोंब्यँ’ एवढ्यावर भागतं: कोण, केव्हा, कुठे, किती.