मिक टेलरला एकच गाणं: स्टोन्सनी मान दिला की बोळवण केली?

निनाद_ठाणे

मंडळी, सध्या रोलिंग स्टोन्सच्या पन्नाशीच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघण्याचं वेड लागलंय. नोव्हेंबर २०१२, लंडनचं ओ-टू सभागृह. जुना गिटारवादक मिक टेलर पाहुणा म्हणून येतो, 'मिडनाइट रॅम्बलर' वाजवतो, मिठ्या मारतो आणि जातो. संपलं!

हा माणूस १९६९ ते १९७४ बँडमध्ये होता. 'स्टिकी फिंगर्स', 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' हे अल्बम, म्हणजे ज्या काळाच्या जिवावर स्टोन्स आजही मोठे म्हणवले जातात, त्या काळातला लीड गिटारिस्ट. आणि अडतीस वर्षांनी घरी बोलावून त्याला एक गाणं? शिवाय तेही असं, की ज्याच्या मूळ रेकॉर्डवर तो वाजवतच नाही! 'स्वे' का नाही? 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग' का नाही? मला तर हे सरळसरळ 'या, बसा, चहा घ्या, निघा' वाटलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाबूराव_बास

प्रकाश कसला टाकायचा, व्यवहार आहे. तिकिटं महाग, लोक बोंबलत होते, मग जुने चेहरे आणा. आमच्या बिल वायमनचं बघा. १९६२ पासून १९९३ पर्यंत बास वाजवला त्याने. त्याला ओ-टूला मिळाली दोन गाणी. पुढे अमेरिकेला येतोस का विचारलं तर गडी नाही म्हणाला. दोन गाण्यांसाठी समुद्र कोण ओलांडणार? टेलर बिचारा अमेरिकेला गेला. बासवाल्यांना स्वाभिमान असतो, एवढंच म्हणतो.

सहावी_तार

निनाद, प्रश्न चांगला आहे, पण तू गाणी मोजतोयस. जागा मोज.

तू म्हणतोस तसं 'रॅम्बलर'च्या स्टुडिओ रेकॉर्डवर टेलर नाही, हे अगदी खरं. 'लेट इट ब्लीड'मध्ये त्या गाण्यातल्या सगळ्या गिटारी बँडच्याच कीथ रिचर्ड्स या गिटारवाल्याने वाजवल्यात. टेलर त्या अल्बमला शेवटी शेवटी येऊन मिळाला, त्याच्या वाट्याला 'लिव्ह विथ मी' आणि 'कंट्री हॉंक' आली. पण स्टुडिओतलं 'रॅम्बलर' ऐक आणि लगेच 'गेट यर या-याज आउट' या लाइव्ह अल्बममधलं ऐक. नोव्हेंबर १९६९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. स्टुडिओत सात मिनिटांच्या आत आटोपणारं गाणं इथे नऊ मिनिटांवर गेलंय. आणि वाढलंय ते नुसतं लांबीला नाही. ही कॅसेट मी कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून आणली होती. तेव्हा माझी पक्की समजूत होती की स्टुडिओवालं म्हणजे तालमीचं आणि हे म्हणजे खरं गाणं. अजूनही माझं मत फारसं वेगळं नाही.

हेडफोन लावलेस की एका बाजूला कीथ, दुसऱ्या बाजूला टेलर. कीथ तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, धरून बसलेला, हलत नाही. टेलर त्याच्या भोवती फिरतो. मग गाणं मध्येच मंदावतं, जवळजवळ थांबतं, गायक मिक जॅगर कुजबुजल्यासारखा गातो आणि बँड एकेक ठोका टाकून थांबतो. त्या थांबण्यातून पुन्हा वेग घ्यायचा तर सगळ्यांना एकमेकांच्या माना, खांदे वाचता यायला लागतात. हे कागदावर लिहिता येत नाही. टेलर ज्या पाच-साडेपाच वर्षांत बँडमध्ये होता, त्याच वर्षांत ते गाणं मंचावर असं घडलं. म्हणजे रेकॉर्डवर त्याचं नाव नाही, पण मंचावरच्या 'रॅम्बलर'ची बांधणी निम्मी त्याची आहे. पाहुण्याला द्यायला यापेक्षा बरं गाणं त्यांच्याकडे होतं असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू, रॉनी वूडची. टेलर डिसेंबर १९७४ मध्ये बँड सोडून गेला. बँड म्युनिकला पुढच्या अल्बमच्या कामाला लागायच्या बेतात असताना गेला, म्हणजे चांगलीच पंचाईत करून गेला. मग रॉटरडॅममध्ये गिटारवाल्यांची रांग लागली आणि अखेर रॉनी आला, तो आजतागायत आहे. टेलरच्या वेळी कामाची वाटणी स्पष्ट होती: कीथ ऱ्हिदम म्हणजे ठेका धरणारा, टेलर लीड म्हणजे वरची सुरावट वाजवणारा. कीथ-रॉनीचं तसं नाही. दोघंही दोन्ही करतात, कोण कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळू नये अशी गुंफण. या गुंफणीत तिसरा सुटा धागा घुसवणं महाकठीण. दिवाळीला माहेरी आलेल्या मोठ्या बहिणीसारखी टेलरची गत: घर तिचंच, पण ओटा आता वहिनीचा, डबे कुठे ते वहिनीला ठाऊक. तिने एक पदार्थ करावा, तो असा की ज्याला वहिनी हात लावत नाही. 'रॅम्बलर' हा तो पदार्थ. बघ पुन्हा, टेलर पुढे आला की रॉनी किती समजूतदारपणे आवाज आवरतो. रॉनीच्या या मोठेपणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आणि ओ-टूच्या त्या दोन रात्रींची गंमत तुझ्या लक्षात आली का? २५ नोव्हेंबरला दुसरा पाहुणा कोण, तर गिटारवादक जेफ बेक. टेलरची खुर्ची रिकामी झाल्यावर रॉटरडॅमला जाऊन स्टोन्सबरोबर वाजवून आलेल्यांत तोही होता. २९ नोव्हेंबरला कोण, तर गिटारवादक एरिक क्लॅप्टन. टेलर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असताना वेल्विन गार्डन सिटीत जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडचा कार्यक्रम होता, क्लॅप्टन तेव्हा त्यांचा गिटारवाला. क्लॅप्टन उगवलाच नाही. त्याची गिटार मात्र मंचावर. मध्यंतरात या पोराने मेयॉलला जाऊन विचारलं, मी वाजवू का? आणि उरलेला कार्यक्रम वाजवला. पुढे १९६७ मध्ये मेयॉलने त्याला घेतलं आणि १९६९ मध्ये स्टोन्सना गिटारवाला हवा होता तेव्हा मेयॉलनेच नाव सुचवलं. म्हणजे ज्याच्या गैरहजेरीने याचं दार उघडलं तो, आणि याच्या गैरहजेरीत ज्याने दार ठोठावून पाहिलं तो, दोघंही पाहुणे म्हणून हजर. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण मला त्या कार्यक्रमातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच वाटते.

बाबूराव, वायमनच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल' आणि 'हॉंकी टॉंक विमेन'मध्ये बासवाल्याने नवं काय करायचं? आठवण म्हणून ठीक. टेलरला दहा-बारा मिनिटं मोकळं रान होतं.

मीनल_हॅरो

मी १३ जुलै २०१३ ला हाइड पार्कात होते, म्हणून लिहिते. सहावी_तार यांचं 'रॅम्बलर'बद्दलचं म्हणणं पटतं, तिथे तो खरोखर वेगळाच माणूस होता. सारखा जॅगरच्या अंगावर जात होता, जॅगर हार्मोनिका वाजवतोय आणि हा त्याच्या तोंडासमोर गिटार घेऊन उभा. आमच्या शेजारी एक आजोबा होते, १९६९ च्या ५ जुलैला याच बागेत आलो होतो म्हणाले. टेलरचा स्टोन्सबरोबरचा पहिला कार्यक्रम तो, बँडचा आधीचा गिटारवादक ब्रायन जोन्स वारून दोन दिवस झालेले. त्या दिवशी गिटारी धड सुरात नव्हत्या, आज आहेत, असं म्हणून आजोबा हसले.

पण शेवटच्या 'सॅटिस्फॅक्शन'चं काय? टेलर परत आला तो अकूस्टिक गिटार घेऊन. समोर कीथ, रॉनी, ब्रास, ओरडणारी गर्दी. मला तरी त्या गिटारीचा एक सूर ऐकू आला नाही. नंतर चित्रफीत आणून पाहिली, त्यातही कान देऊन शोधावी लागते. याला काय म्हणायचं?

सहावी_तार

मीनलताई, याला बोळवण म्हणायचं. निनादला राग काढायचाच असेल तर इथे काढावा. लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार काढून घ्यायची आणि जत्रेत अकूस्टिक हातात द्यायची, म्हणजे फोटोत उभं राहायची सोय. त्यापेक्षा हात हलवून निरोप घेऊ दिला असता तर शोभलं असतं.

आणि खरा अन्याय, माझ्या मते, २०१२ चा नाहीच. तो श्रेयाचा. गाण्यांवर नावं जॅगर-रिचर्ड्स. टेलरचं नाव गीतकार म्हणून लागलं ते 'एक्झाइल'मधल्या 'व्हेंटिलेटर ब्लूज'वर. बाकीच्या काही गाण्यांत आपला वाटा होता असं तो नंतर सांगत राहिला. 'स्वे'च्या शेवटी जे सोलो आहे ते काढून टाकलं तर गाण्यात काय उरतं, ते प्रत्येकाने स्वतः करून बघावं. अर्थात सोलो वाजवणं म्हणजे गाणं लिहिणं नव्हे, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. आमच्या बँडमध्येही यावरून भांडण झालं होतं. मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक या रॉक महोत्सवात वाजवायची स्वप्नं होती, वाजवली ती गणपतीच्या मांडवात, पण श्रेयावरून तीन महिने अबोला.

निनाद_ठाणे

तार काका, जागेचा मुद्दा पटला. पण 'नॉकिंग'बद्दल तुम्ही शिताफीने काहीच बोलला नाहीत! त्यात तर रेकॉर्डवर तो स्वतः आहे आणि जागाही ढीगभर आहे.

सहावी_तार

पकडलंस. तर ऐक. 'नॉकिंग'चा उत्तरार्ध मुळात बेत न करता झालेला. गाणं संपलं, वाजवणारे थांबले नाहीत, टेप चालू राहिली. बॉबी कीजचा सॅक्सोफोन, मग टेलर. ते परत करायचं म्हणजे आपोआप झालेली गोष्ट ठरवून करणं. तरी पुढच्या वर्षी केलं त्यांनी. जून २०१३, ग्लॅस्टनबरी: तिथे टेलर 'नॉकिंग', 'रॅम्बलर' आणि शेवटी 'सॅटिस्फॅक्शन', तिन्हीत आहे. अमेरिकेतल्या काही कार्यक्रमांत 'स्वे'सुद्धा झालं. म्हणजे एका गाण्यावरून सुरुवात झाली आणि हळूहळू वाढत गेली. मला ग्लॅस्टनबरीचं 'नॉकिंग' आवडतं, पण ते आठवणीने वाजवलेलं वाटतं. 'रॅम्बलर'मध्ये मात्र तो पुढे काय करणार ते कीथलाही माहीत नसतं. कीथचा चेहरा बघ, कळेल.

पावभाजी_ब्लूज

विषय थोडा बाजूला नेतो. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स ब्रेबॉर्नवर आले होते तेव्हा मी गेलो होतो. घामाने चिंब झालो, कीथला बघून डोळ्यांत पाणी आलं वगैरे सगळं झालं. पण माझ्यासोबतचा मित्र पूर्ण वेळ एकच तुणतुणं वाजवत होता, 'टेलर पाहिजे होता.' मला वाटतं टेलरच्या भक्तांना रॉनी कितीही चांगला वाजला तरी तो वहिनीच वाटणार! रॉनीला त्या खुर्चीत बसून तेव्हाच अठ्ठावीस वर्षं झाली होती हो. टेलरच्या मुक्कामाच्या पाचपट!

सुरुवात कुठून करायची ते सांगा कुणीतरी, माझ्या मुलीला हा सगळा वाद वाचून टेलर ऐकायचाय.

सहावी_तार

मुलीला आधी 'या-याज'मधलं 'रॅम्बलर' द्या. मग ऑक्टोबर १९७३ चा ब्रसेल्सचा कार्यक्रम, तो २०११ मध्ये अधिकृतपणे बाहेर आला. कीथला फ्रान्समध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं, म्हणून फ्रेंच रसिक आगगाडीने बेल्जियमला गेले होते. तिथलं 'रॅम्बलर' बारा मिनिटांच्या वर आहे आणि टेलर जो सुटलाय तो सुटलाय. त्यानंतर २०१३ च्या हाइड पार्कची चित्रफीत. बोटांचा वेग कमी झालाय हे तिला लगेच कळेल, सूर खेचण्यातली नजाकत तशीच आहे हे दुसऱ्यांदा ऐकताना कळेल. गिटार शिकत असेल तर सोलो उतरवायच्या मागे इतक्यात लागू देऊ नका, आधी कीथचा रिफ न चुकता पाच मिनिटं वाजवायला सांगा. तिथेच बोटं दुखतात.

बाबूराव_बास

आणि त्या बारा मिनिटांत खाली बास कोण वाजवतोय ते कुणी विचारलं नाही. वायमनसाठी वेगळा धागा काढतोय. सगळ्यांनी तिकडे या, आणि तार काका, तुम्ही नक्की.