यहुद्यांवरचे हे प्रेम नेमके कोणासाठी आहे?

नगरकर

‘जागते राहा’ या सदस्याने गेल्या आठवड्यात येथे लिहिले की, 1948 साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले तेव्हाच ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाची उलटगणती सुरू झाली. यहूदी लोक येशूला मसीहा मानतील तेव्हा तो येईल, आणि म्हणून त्या राष्ट्राच्या प्रत्येक कृतीच्या पाठीशी उभे राहणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. त्याखाली ‘आमेन’ची रांग लागली. मी त्या रांगेत उभा राहू शकत नाही.

ही प्रेषितांची शिकवण असल्याचे ठासून सांगितले जाते. मंडळी (म्हणजे ख्रिस्ती चर्च) आणि इस्राएल ही देवाची दोन वेगळी प्रजा, मंडळी आधी मेघांत उचलली जाणार, मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट येणार, ही सगळी मांडणी आयर्लंडमध्ये अँग्लिकन पाळकपद सोडलेल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी 1830च्या दशकात रचली. पुढे 1909 साली हीच मांडणी टिपांतून सांगणारे अमेरिकन पाळक स्कोफिल्ड यांचे बायबल निघाले आणि त्याच पानावर खाली टिपा छापल्या गेल्यामुळे शास्त्र कोठे संपते आणि स्कोफिल्ड कोठे सुरू होतात, हेच भाविक वाचकाला कळेनासे झाले. याच मांडणीत जुन्या करारातील जखऱ्या संदेष्ट्याच्या 13व्या अध्यायाचा आधार घेऊन त्या संकटात दोन तृतीयांश यहूदी मरतील आणि उरलेले येशूला शरण येतील, असे शिकवले जाते. ज्यांच्यावर प्रेम असल्याचे आपण सांगतो त्यांच्यापैकी एकालाही यहूदी म्हणून जगू न देणारे हे कसले प्रेम?

जागते राहा

माझ्या लिखाणावर धागा निघाला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. कोणी इस्राएलचे नाव काढले की तुम्ही डार्बीचे नाव पुढे करता. रोमकरांस पत्राचा 11वा अध्याय डार्बीने लिहिला काय? देवाने आपल्या लोकांना टाकून दिलेले नाही आणि शेवटी सर्व इस्राएलाचे तारण होईल, हे पौलाने लिहिले आहे. डार्बीच्या जवळजवळ दोन शतके आधी इंग्लंडमधील प्युरिटन, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट सुधारक, हीच आशा बाळगून होते. 1655 साली अॅमस्टरडॅमचे रब्बी मेनाशे बेन इस्राएल यहुद्यांना पुन्हा इंग्लंडमध्ये राहू द्यावे, ही विनंती घेऊन इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधारी क्रॉमवेल याच्याकडे आले, तेव्हा त्यांचे ऐकून घेणाऱ्यांत ही आशा मानणारे पुष्कळ होते.

आता दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडा. मंडळीने इस्राएलाची जागा घेतली, यहुद्यांचे काम संपले, असे मानणाऱ्यांनी काय केले? अंत्युखियात 386-87 साली ख्रिस्ती धर्मगुरू ख्रिसोस्तमने यहुद्यांविरुद्ध प्रवचने दिली आणि 1543 साली प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथरने त्यांची सभास्थाने जाळा, असे लिहिले. माझी आई रोज रात्री 122वे स्तोत्र वाचून यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करते. तिने डार्बीचे नावही ऐकलेले नाही. तिचे प्रेम खोटे आहे, असे तुम्ही तिला तोंडावर सांगाल काय?

पापडीकर

आईला मध्ये आणू नये. तिच्या प्रार्थनेला येथे कोणी हरकत घेतलेली नाही. डार्बी किंवा लूथर यांतून एक निवडलेच पाहिजे, असेही नाही. 28 ऑक्टोबर 1965 रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लादता येत नाही, आजच्या यहुद्यांवर तर नाहीच, आणि ते देवाने टाकलेले किंवा शापित लोक आहेत, असे शिकवू नये. 2015 साली व्हॅटिकनच्या आयोगाने आणखी पुढे जाऊन सांगितले की कॅथलिक चर्च यहुद्यांच्या धर्मांतरासाठी कोणतेही संस्थात्मक मिशन चालवत नाही. त्यांचे तारण कसे होईल, हे गूढ चर्चने देवावर सोपवले आहे. आमच्या दारात मात्र अजूनही ‘मेघांत उचलले जाण्या’ची पत्रके येऊन पडतात आणि त्यांत पोपना ख्रिस्तविरोधक ठरवलेले असते. ती कोण टाकते, हे ‘जागते राहा’ यांना ठाऊक असावे.

जागते राहा

मी पत्रके वाटत नाही.

शंकासुर

1965! जर्मनीत ऱ्हाइनकाठी वर्म्स आणि माइन्झ येथे क्रूसयोद्ध्यांनी यहुद्यांची कत्तल केली 1096 साली. साडेआठशेहून अधिक वर्षांनी आलेल्या या खुलाशाबद्दल परिषदेचे अभिनंदन.

रेवदंड्याची लेक

मी बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या यहूदी समाजातली. तुम्ही सारे आमच्याविषयी असे बोलत आहात, जणू आम्ही एखाद्या तक्त्यातील रकाना आहोत. आमच्या घरी मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडून आम्ही एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्मरण करतो. मसीहाच्या आधी तो येणार, हे मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आधारे आम्ही मानतो. तुम्ही म्हणता, तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. तो येऊन गेला असता, तर माझ्या आजीने जन्मभर त्याला हाक मारलीच नसती.

आमचा मसीहा दाविदाच्या वंशातील माणूस असेल, तो विखुरलेल्यांना एकत्र आणील आणि युद्धे संपतील. युद्धे संपलेली नाहीत. मध्ययुगातील यहूदी पंडित मैमोनिदिसने आम्हाला एवढेच शिकवले की त्याला विलंब झाला तरी वाट पाहावी. दुसऱ्या आगमनाची सोय आम्हाला लागत नाही. आणि प्रेमाचेच बोलायचे, तर कोकणात आलेल्या मिशनऱ्यांनी आमच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्या कशासाठी?

नगरकर

ताई, मूळ मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे; परंतु शाळांबाबत नाही. माझे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले नसते, तर आमच्या घरात अक्षर आले नसते. तुमच्या समाजाचेही तेच आहे. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले आणि जुना करार तुमच्या लोकांना मराठीत वाचायला मिळाला तो मिशनच्या छापखान्यामुळे. कोकणात शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या आणि तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या, म्हणून शनिवार तेली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाच्या हाती स्वतःचे शास्त्र कोणी दिले, हे विसरणे बरे नव्हे.

रेवदंड्याची लेक

उपकार मोजणारा माणूस उपकार करत नसतो, उधारी ठेवत असतो. आम्हाला धर्म शिकवायला कोचीनचे यहूदी शिक्षकही आले होते; त्यांचे नाव तुमच्या यादीत नाही, कारण त्यांना आमच्याकडून बाप्तिस्मा नको होता. मिशनने शाळा काढल्या, आम्ही शिकलो, हिब्रू शिकलो, तो जुना करार वाचला आणि आणखी पक्के यहूदी झालो. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. हेतू फसला आणि शिक्षण उरले, त्याचे श्रेय हेतूला कसे देता येईल?

नगरकर

हेतूला देऊ नका. मेहनतीला तरी द्या.

रेवदंड्याची लेक

मेहनतीला दिले. व्याकरण चांगले होते, असे म्हणतात.

जागते राहा

शाळांवरून भांडण चालू द्या. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. देवाने 1948 साली आपले वचन पाळले की नाही?

रेवदंड्याची लेक

ज्या राष्ट्राला तुम्ही भविष्यवाणीची पूर्तता म्हणता, त्याच राष्ट्रातील रब्बींनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पुरेसे यहूदी आहोत की नाही, अशी शंका काढून आमच्या लोकांच्या विवाहांत अडथळे आणले. आमच्या माणसांनी तेथे निदर्शने केली, तेव्हा कोठे 1964 साली ते प्रकरण निवळले. माझ्या मावशीचे लग्न त्यात अडकले होते. तुमच्या पाठिंब्याच्या हिशेबात ती कोठे बसते? त्या कृतीलाही ‘आमेन’ म्हणायचे होते काय?

नगरकर

आणि यरुशलेमेतील ख्रिस्ती माणसांचे काय? 2006 साली रोमन कॅथलिकांचे धर्मप्रमुख, लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल साब्बाह यांच्यासह तेथील सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लूथरन धर्मप्रमुखांनी ख्रिस्ती झिओनवाद, म्हणजे इस्राएल राष्ट्राला भविष्यवाणीची पूर्तता मानून पाठिंबा देणे, ही खोटी शिकवण असल्याचे लेखी जाहीर केले. तेथे राहणाऱ्यांपेक्षा येथे बसलेल्यांना त्या भूमीचे भविष्य अधिक स्पष्ट दिसते, हा चमत्कारच म्हणावा लागेल.

जागते राहा

ठीक आहे. ‘प्रत्येक कृतीच्या’ हे शब्द मी काढून टाकतो; ते मुळात नसते तर हा धागाही निघाला नसता. रोमकरांस पत्राचा 11वा अध्याय मात्र मी काढणार नाही.

रेवदंड्याची लेक

तो ठेवा, तुमचाच आहे. मलाखी आमच्याकडे राहू द्या.